तिसरी पिन

१

मार्च लागला की आमच्या भागातल्या शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात. साडेबाराची घंटा झाली की धम्मपाल मास्तर मोटरसायकलला किक मारून एकच्या आत घरात. हातपाय धुवायचे, भाकर आणि जे काही कालवण असेल ते खायचं, आणि मग बायकोला कॉम्प्युटरवरून उठवून आडवं व्हायला लावायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. दीपमालाचं उत्तर ठरलेलं असे, "येवढा एक धडा होऊ द्या." आणि तो धडा काही केल्या संपत नसे.

मास्तर सहावी ते आठवीला विज्ञान शिकवत. तेलंगणातल्या तलमडुगु मंडलातलं गाव, मराठी माध्यमाची शाळा, वर्गात मुलं अकरा. पण शिकवणं असं, की समोर हजारभर माणसं बसली आहेत. अशा माणसाला जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक असतं आणि ते दुसऱ्याला सांगितल्यावाचून त्याला अन्न पचत नाही. लिंबू-मिरच्या, उतारे, अंगात येणं यांवर त्यांनी इतकी भाषणं दिली होती, की मास्तर दिसले की पोरं मनगटातले दोरे बाहीत सारत.

कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जोडला होता. आदिलाबादला पंकजचं सुट्या भागांचं दुकान आहे, त्याच्याकडून एकेक वस्तू आणली आणि दोन रविवार खपून, मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत, यंत्र उभं केलं. पहिले आठ दिवस तर कॅबिनेटची बाजूची पट्टी त्यांनी लावलीच नाही. आल्यागेल्याला आतलं सगळं दिसायला पाहिजे ना!

हौस होती, पण नुसती हौस नव्हती. दीपमालाला शिक्षक पात्रता परीक्षा द्यायची होती. दोन वर्षांपूर्वी त्याच परीक्षेच्या क्लासला ती रोज बसनं आदिलाबादला जायची, आणि त्याच उन्हाळ्यात पाचव्या महिन्यात तिचं मूल गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बसचा काही संबंध नाही. मास्तरांनी ते विज्ञान म्हणून मान्य केलं आणि नवरा म्हणून कधीच मान्य केलं नाही. आता पुन्हा सहावा महिना लागला होता. या खेपेला क्लासच घरी आणायचा, बायकोला फार हलू द्यायचं नाही, आणि हे मूल हातात घ्यायचंच. त्यांच्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं.

त्या दुपारी तिला आडवं करून मास्तरांनी कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला. ताट घेऊन ते मोरीवर गेले, विसळून परत आले, तरी खोलीत आवाज होताच. कॅबिनेटमधला छोटा पंखा फिरत होता. नेहमीची घरघर नव्हती ती. दबकी होती, आणि मध्ये मध्ये जोर धरत होती. पुढचा लाल दिवाही विझला नव्हता. मंद व्हायचा, पुन्हा उजळायचा.

मास्तर उकिडवे बसून त्या दिव्याकडे बघत राहिले.

"राहू द्या ना," पलंगावरून दीपमाला म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते.

२

पंकजनं फोनवरून उपाय सांगितले आणि मास्तरांनी ते एकेक करून वहीत लिहून घेतले. बटण दहा सेकंद दाबून धरा. धरलं. सेटिंगमध्ये जाऊन लवकर सुरू होण्याची सोय काढून टाका. काढली. कीबोर्ड, माउस, स्पीकर सोडवा. सोडवले. पडद्याच्या केबलमधून उलटा करंट येतो कधी कधी, ती काढून बघा. काढली. मदरबोर्डाखालचा एखादा स्क्रू पत्र्याला टेकत असेल. सगळे स्क्रू काढून, खाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून पुन्हा बसवले. शेवटी पंकजनं नवा पॉवर सप्लाय बसवर ठेवून पाठवला. तोही लावला. प्रत्येक उपायापुढे मास्तरांनी लाल शाईनं फुली मारली. पान फुल्यांनी भरलं आणि पंखा आपला फिरतोच आहे.

"सर, एवढ्यात नवीन काही जोडलं काय?" पंकजनं विचारलं.

"काही नाही रे. फक्त अर्थिंग करून घेतली."

"मंग ते तर बेसच हाये."

अर्थिंगची हकिगत अशी. कॉम्प्युटर सुरू झाला त्याच आठवड्यात दीपमालाचा हात कॅबिनेटच्या पत्र्याला लागला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच दिवशी ते नागोराव वायरमनला घेऊन आले. घर भाड्याचं. पुढचा भाग बयनाबाईचा, मागच्या दोन खोल्या यांच्या. बयनाबाई म्हणजे पंच्याहत्तरी ओलांडलेली, मूलबाळ नसलेली विधवा. चार एकर कापूस बटईनं देऊन एकटी राहायची. सगळा गाव तिला बयनामाय म्हणे. त्या आठवड्यात ती भाचीकडे मुधोळला गेली होती. ती येईपर्यंत थांबावं असं मास्तरांना क्षणभर वाटलं होतं. पण पोटुशी बायको आणि करंट मारणारा पत्रा, थांबणार कोण?

मागच्या अंगणात खिडकीखालचा कोपरा नागोरावनं पसंत केला. जमीन तिथं भुसभुशीत होती. दोन-अडीच फूट खणलं आणि खाली पांढरं लागलं. खडे मीठ. चार बोटं जाडीचा थर, दाबून बसवल्यासारखा.

नागोराव खूश झाला. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालावाच लागतो. "सार, हे पाहा! इथं आंधीच कोणीतरी अर्थिंग केलेली हाये. तुमचं मीठ वाचलं."

मीठ पाण्यात विरघळतं, हे मास्तर दर वर्षी सहावीला शिकवत. या मिठावरून किती पावसाळे गेले असतील, हा प्रश्न त्यांना त्या वेळी सुचला नाही. नागोरावनं वर कोळसा टाकला, मधोमध पाइप उभा केला आणि ठोकायला लागला. वीतभर गेल्यावर पाइप कशाला तरी अडला. मग आपसूक सरकला.

"मऊ लागलं," नागोराव म्हणाला. मग त्यानं वायर आवळली आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकत जा, असं सांगून तो गेला. झिणझिण्या बंद झाल्या.

बयनामाय मुधोळहून आली ती पिशवी हातात घेऊनच मागच्या अंगणात आली. पाइपाकडे तिनं बराच वेळ पाहिलं. आता बोलणी खावी लागणार म्हणून मास्तर तयारीत होते.

"मीठ लागलं काय, मास्तर?"

"लागलं ना माय. सगळं पुन्हा तेथीच टाकलं."

"बरं केलं," म्हातारी म्हणाली आणि घरात गेली. मास्तरांना हायसं वाटलं.

३

भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं तरी पंखा थांबत नसे. मात्र प्लग ओढून काढला की लगेच थांबे. म्हणजे रोज प्लग काढायचा, मिटलं! मास्तरांनी तसा नियमच करून टाकला. निजायच्या आधी प्लग काढायचा आणि वायर गुंडाळून कॅबिनेटवर ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग लावलेला होता.

"तू लावला काय?"

"मी कायले लावू?" दीपमाला चहा गाळत म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशीही. घरात माणसं दोनच. मास्तरांना स्वतःवरही शंका आली. झोपेत चालणाऱ्या माणसांविषयी त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. पण ही शंका त्यांनी फार वेळ टिकू दिली नाही. स्वतःपेक्षा बायकोवर संशय घेणं सोपं असतं, आणि मास्तर झाले तरी नवराच ते. शाळेतून गुलाबी खडू आणून त्यांनी त्याची पूड प्लगला मागून चोळून ठेवली.

सकाळी दीपमालाच्या पदराला गुलाबी बोटं उमटलेली होती.

मास्तरांनी पदर हातात धरून तिला दाखवला. ती रागावली नाही, उलट शरमली. "तो आवाज नसला की मले झोप लागत नाही," ती म्हणाली. "तुमाले सांगतलं असतं तर तुमी हसले असते."

"मी काऊन हसू?"

"तुमी सगळ्यायलेच हसता."

ते लागलं त्यांना. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. मागच्या वेळी मूल गेल्यावर ही बाई महिनाभर रिकामी चादर मांडीवर घेऊन बसायची, ते त्यांना आठवलं. डोक्यावर परिणाम झाला का हिच्या? कोणाला विचारावं? पंकजला असलं काही विचारता येत नव्हतं. त्या दिवसापासून ते तिच्याकडे चोरून बघायला लागले, आणि आपण चोरून बघतोय याची त्यांना लाजही वाटायला लागली.

४

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी करंट गेला.

छताचा पंखा गरगरत थांबला. पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी थांबली. कोणाच्या तरी घरात टीव्हीवर तेलुगु बातम्या चालू होत्या, त्याही थांबल्या. सगळा गाव एकदम गप्प झाला, आणि त्या गप्पपणात मास्तरांना खोलीतला तो छोटा पंखा नीट ऐकू आला. फिरत होता.

घरात इन्व्हर्टर नव्हता. कॉम्प्युटरला बॅटरीही नव्हती. मास्तरांनी टेस्टर आणला. बोर्डाच्या भोकात घातला तर आतला दिवा मेलेला. चार वेळा घातला. मग मेन स्विच खाली ओढला, फ्यूज उपसून खिशात टाकला. आता या घरात एक थेंबही करंट नाही, असं ते मोठ्यानं म्हणाले. वर्गात म्हणतात तसं.

लाल दिवा मंद झाला, उजळला.

मास्तर जमिनीवर बसले आणि विचार करायला लागले. प्लगला तीन पिना. एकीतून करंट येतो, ती मेली. दुसरीतून परत जातो, तीही मेली. उरली तिसरी. वरची, जाड. ती तर काही आणतच नाही. चुकून आलेला करंट घेऊन जाते आणि जमिनीत सोडते, एवढंच तिचं काम. फळ्यावर त्यांनी शंभर वेळा ते चित्र काढलं होतं. बाण नेहमी खाली.

दीपमाला डाव्या कुशीवर झोपली होती. हात पोटावर होता, आणि तो हात जरा जरा उचलला जात होता. मास्तरांनी हाताकडे पाहिलं. दिव्याकडे पाहिलं. मग मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

अंगणातली जमीन तडकून पांढरी पडली होती. पाइपाभोवतीची तेवढी माती ओलीकाळी होती. मास्तरांनी पंधरा दिवसांत तिथं पाणी टाकलं नव्हतं.

५

महिन्याच्या तपासणीला त्यांनी आदिलाबादपर्यंत गाडी ठरवली. गाडी दारात येऊन उभी राहिली आणि दीपमाला बसता बसता परत फिरली.

"काय विसरलं?"

"काही नाही. पाणी."

पाण्याची बाटली तिच्या हातातच होती. रस्ताभर मास्तर त्या गुंडाळलेल्या वायरीचाच विचार करत राहिले, की ती आता गुंडाळलेली असेल की नाही.

डॉक्टरीणबाईंनी पोटाला थंडगार जेल लावलं आणि छोटं यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर आली. मग आवाज लागला.

मास्तरांनी तो ओळखला. दबका, मध्ये मध्ये जोर धरणारा. महिनाभर ते त्या आवाजाशेजारी निजत होते.

"छान आहेत ठोके," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकशे बेचाळीस."

मास्तरांनी मनात स्वतःची समजूत घातली. छोटा पंखा, छोटं हृदय. दोन्ही भरभर चालतात, सारखे वाटणारच. कानाला सवय झाली की माणूस रेल्वेच्या आवाजातही गाणं ऐकतो. हे सगळं त्यांना पटलं. घरी आल्यावर मात्र चपला न काढताच ते कॅबिनेटसमोर बसले आणि घड्याळ लावून त्यांनी दिव्याची उघडझाप मोजली. प्लग लावलेला होता.

मोजून झाल्यावर त्यांनी आकडा वहीत लिहिला नाही. वही मिटून कपाटाच्या वर ठेवून दिली.

संध्याकाळी दीपमाला फार आनंदात होती. मुलगी झाली तर रुपा आणि मुलगा झाला तर करण, असं तिनं ठरवून टाकलं आणि मास्तरांकडून कबूल करून घेतलं. मास्तर हो म्हणाले. हसलेसुद्धा. पण त्यांचं अर्धं लक्ष खिडकीकडे होतं. बाहेर कोणीतरी जमिनीवर पाणी ओतत होतं.

६

ते धावतच मागच्या अंगणात गेले. बयनामाय होती. हातात पितळी तांब्या. पाइपाभोवती गोल फिरवून ती धार सोडत होती. आणि गुणगुणत होती.

"माय, तुमी काऊन त्रास घेता? मी टाकत जाईन पाणी."

"तुमी इसरता मास्तर. मी नाही इसरत." तिनं तांब्या उपडा करून शेवटचा थेंबही मातीवर झटकला. "पह्यले रोज टाकत होती. मंग गुडघे गेले. मंग वाटलं, आता कायले. पण तुमी नळी बसवली तवापासून पुन्हा टाकून राह्यली."

"पह्यले म्हणजे? पह्यले कोणाची अर्थिंग होती इथं?"

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोराकडे मास्तर ज्या मायेनं बघत, त्याच मायेनं.

"कायची अर्थिंग? तवा गावात करंट तरी होता काय?" ती म्हणाली. "मीठ म्याच टाकलं होतं. सव्वा पायली. सासू म्हणे, येवढं कायले. म्या म्हणलं, कमी नको पडाले."

ती कमरेवर हात ठेवून हळूहळू आपल्या दाराकडे गेली. मास्तर तिथंच उभे राहिले.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या मागच्या दारी मास्तरांच्या मामांनी त्यांच्या हातात पैसे ठेवले होते आणि म्हणाले होते, जा, दुकानातून मीठ घेऊन ये, दोन किलो. कशाला, हे मास्तरांनी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, पुरतात, आणि खड्ड्यात मीठ घालतात, हे आमच्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. पुडा त्यांनीच फोडला होता. खडे मीठ होतं. बोटांच्या चिरांमध्ये ते दोन दिवस चुरचुरत होतं.

आणि तरीही नागोराव म्हणाला जुनी अर्थिंग, आणि ते हो म्हणाले. पाइप मऊ जाग्यावर अडला तेव्हाही ते शेजारीच उभे होते.

पाइपाकडे पाठ करून ते घरात आले.

७

रविवारी सकाळी दीपमाला पलंगावर पुस्तक घेऊन पडली होती. मास्तरांनी पाना घेतला, कुदळ घेतली.

"काय करून राह्यले?"

"अर्थिंग दुसऱ्या जाग्यावर घेतो. इथं पाणी जास्त होऊन राह्यलं."

खोटं बोलताना त्यांचा आवाज अगदी मास्तरांसारखा निघाला. कोपऱ्यावर येऊन त्यांनी पाइपाचा नट सैल केला, हिरवी वायर सोडवली. खिडकीतून आतला आवाज ऐकू येत होता तो एकदोनदा अडखळला आणि थांबला. पूर्ण थांबला. मास्तरांनी खिडकीतून वाकून पाहिलं. लाल दिवा विझला होता. प्लग जागच्या जागी होता, बोर्डाचं बटण चालू होतं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते यंत्र नीट बंद झालं होतं.

काय आनंद झाला म्हणून सांगू! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. कारण कळो न कळो, दोष कुठं आहे ते सापडलं होतं, आणि दोष सापडला की काढून टाकता येतो. आता पाइपही उपसायचा, खड्डा बुजवायचा, आणि पुढच्या महिन्यात घर बदलायचं. निर्मल गावाला बदली मागायची. मनात सगळं ठरलं.

त्यांनी दोन्ही हातांनी पाइप धरला आणि ओढला. ओली माती, पाइप सहज वीतभर वर आला.

मग तो खाली ओढला गेला.

जोर काही नव्हता त्याला. मास्तरांना वाटलं हात सुटला. पुन्हा धरला, पुन्हा थोडा उचलला. पुन्हा खालून ओढ आली. तान्हं लेकरू आपलं बोट धरतं आणि सोडत नाही, तेवढाच जोर. पाइपाच्या कडेला मातीत फट पडली होती. आत पांढरं दिसत होतं, आणि ते पांढरं पाइपाभोवती आवळल्यासारखं होतं, आणि मास्तरांनी ते एकदा पाहिलं आणि डोळे वर केले. पुढं आयुष्यभर त्यांनी त्या फटीत मीठ पाहिलं असंच ते स्वतःला सांगणार होते.

बयनामाय तिच्या दारात उभी होती.

"काऊन सोडवलं, मास्तर?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "आता ते कोठी जाईन?"

तेव्हाच खिडकीतून दीपमालाची हाक आली. मोठी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिनं जशी हाक मारली होती, तशीच होती ती.

"अवो. इकडे या. हे फिरून नाही राह्यलं."

"झोपलं असंन," मास्तर म्हणाले.

"नाही. आत्ता फिरत होतं. एकदम थांबलं." तिचा आवाज चिरकला. "प्लग काढला की असंच होते, मले माहीत हाये. तुमी काय काढलं? अवो, तुमी काय काढलं तिथं?"

म्हणजे झोपेसाठी नव्हतं ते. पोटातलं फिरत राहावं म्हणून ती रोज अंधारात उठून प्लग लावत होती. आपण खडू चोळत होतो, आणि ही एकटी जागत होती.

वायर त्यांच्या पायाशी पडली होती. विज्ञानाच्या मास्तरला या वेळी काय करायला पाहिजे ते त्यांना ठाऊक होतं. गाडी बोलवायची, दवाखाना गाठायचा. गाडीला यायला अर्धा तास, आदिलाबादला पोचायला तासभर. मास्तर गुडघ्यावर बसले. पाइप त्यांनी दोन्ही हातांनी खाली दाबला. तो आपणहून गेला. वायरीचं टोक पाइपाला लावलं. नट बोटांतून निसटून मातीत पडला, तो सापडेना. त्यांनी वायर नुसती हातानं दाबून धरली. "दे," ते म्हणत होते, "दे, दे, दे." कोणाला, ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

बयनामाय तांब्या घेऊन आली आणि त्यांच्या हातांवरून पाणी सोडलं. पाणी मातीत जिरलं.

आत पंखा फिरायला लागला. हळू. मग जोर धरला.

मग दीपमाला रडत रडत म्हणाली, "फिरलं."

८

आता नववा महिना लागला आहे. दवाखान्यात नेलं होतं, सगळं ठीक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बाळाचं वजन जरा जास्तच आहे, पण चांगलं आहे.

मास्तर रोज शाळेत जाण्याआधी बादली घेऊन मागच्या अंगणात जातात. नागोराव परवा गल्लीतून जाताना थांबला आणि म्हणाला, "सार, तुमच्यासारखी अर्थिंग गावात कोणी नाही सांभाळत." मास्तर म्हणाले, काळजी घ्यावी लागते. नट त्यांनी नवा आणून बसवला आहे, वर तारेचे चार वेढे दिले आहेत, आणि प्लगला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आहे. वर्गात हल्ली ते विजेचा धडा वाचून दाखवतात. फळ्यावर बाण काढत नाहीत.

बयनामाय बहुतेक वेळा तिथंच पोतं टाकून बसलेली असते. मांडीवर लाल कापड, हातात सुई. तान्ह्यासाठी कुंची शिवते आहे. नजर कमी झाली आहे तिची, पण टाके बारीक येतात.

आज सकाळीही ती होती. मास्तरांनी बादली कलती केली, पाइपाभोवती धार धरली. खिडकीतून पंख्याचा आवाज येत होता.

"मास्तर," सुईतला दोरा दातांनी तोडत ती म्हणाली, "पोराले नाव तुमी नका शोधू. नाव हाये त्याचं. मी सांगीन."

नाव ठरलं आहे, करण नाहीतर रुपा, असं काहीतरी मास्तरांच्या तोंडाशी आलं होतं. बादलीत अजून थोडं पाणी होतं.

"हो माय," ते म्हणाले, आणि तेही ओतलं.